हत्तीचं वजन पुरेसं

लेकीचं वजन नीट वाढतंय का, हे सांगायचं काम मी एका स्प्रेडशीटवर सोपवलं होतं. एका रकान्यात तिचं वजन, शेजारी त्या आठवड्यात निदान किती हवं तो नर्सताईंनी दिलेला आकडा. वजन त्या आकड्याइतकं किंवा जास्त असेल तर पुढे ‘पुरेसं’ उमटायचं, नाहीतर ‘कमी’. लागोपाठ दोनदा ‘कमी’ आलं तर वाट न बघता घेऊन या, असं ताईंनी बजावलं होतं.

मी कामावर रुजू झाले आणि वजन करून भरायचं काम नवऱ्याकडे गेलं. दर वेळी ‘पुरेसं’. तरी अंघोळ घालताना तिच्या मांड्यांच्या वळ्या मला उथळ वाटल्या.

“आता वळ्यांचीही काळजी का?” नवरा म्हणाला.

मी शीट उघडली. खरंच, खालपर्यंत ‘पुरेसं’. पण माझे आकडे रकान्याच्या उजव्या कडेला टेकले होते, त्याचे डाव्या. त्याने प्रत्येकापुढे ‘किलो’ लिहिलं होतं. तो यंत्रांच्या सुट्या भागांचे नकाशे काढतो. एककाशिवाय आकडा त्याला बघवत नाही.

यानं काही फरक पडत असेल? रिकाम्या ओळीत मी ‘१ किलो’ टाकलं. पुरेसं. एवढ्या बाळाला एक किलो पुरेसं? मग ‘हत्ती’ लिहिलं. पुरेसं. ‘मुंगी’ लिहिलं.

“अरे, इकडे ये जरा. मुंगीचं वजनसुद्धा पुरेसं आहे.”

तो हसत आला. स्क्रीनकडे बघता बघता त्याचं हसू विरलं. “म्हणजे शब्द लिहिला की तो आकड्यापेक्षा मोठाच धरतंय हे?”

“आणि ‘किलो’ जोडलं की तुझा आकडाही शब्द होतोय.”

“पुसून बघ.”

मी एकेक ‘किलो’ पुसत खाली आले. पुरेसं. पुरेसं. मग कमी. शेवटच्या ओळीला माझं बोट थांबलं, तेव्हा त्यानेच पुसलं. कमी.

दवाखान्यात नर्सताईंनी तिला काट्यावर ठेवलं. वजन कमीच होतं. डॉक्टरांनी तपासलं, बाकी सगळं ठीक होतं.

“मला बघू दे, तुम्ही पाजा,” नर्सताई म्हणाल्या. लेक जोर लावून ओढत होती. “ओढतेय, पण घोट ऐकू येतोय?”

येत नव्हता. मला वाटायचं, एवढा वेळ अंगावर पीत असते म्हणजे पोट भरत असणार. ताईंनी तिला वळवून तिचं पोट माझ्या पोटाशी लावलं, हनुवटी छातीला टेकवली. “आता ऐका.”

बारीकसा, ओला आवाज आला.

“वरचं दूध सध्या नको. दोन-तीन दिवसांनी वजनाला आणा. नाहीच वाढलं, तर बघू.”

घरी पाजायला बसले तर नवरा शेजारी गुडघ्यांवर बसून तिच्या गळ्याशी कान नेऊन ऐकू लागला.

“हा घोट की उचकी?”

“घोट. बोलू नकोस, ती थांबते.”

तो गप्प झाला. मग न राहवून पुटपुटला, “आणखी एक.”