एलोयने टप कापला

"दार लाव ना."

"लागत नाहीये."

"जोरात ओढ."

"कोंपाद्रे, हे दार जोरानं लागणारं नाही," बेलारमिनो म्हणाला आणि टोपी मागे सारून डोकं खाजवू लागला.

मी स्वयंपाकघराच्या जाळीच्या दारातून बघत होते. अंगणात आमची एकावन्न सालची शेवरले पिकअप उभी होती आणि तिचा टप शेजारी दोन लाकडी घोड्यांवर होता. सकाळी नऊला माझ्या नवऱ्यानं, एलोयने, ग्राइंडर लावला आणि साडेदहाला केबिनचे चारही खांब कापून मोकळा झाला. खांबातले साडेतीन इंच काढून टाकायचे आणि टप पुन्हा खाली बसवायचा, म्हणजे गाडी दबा धरून बसल्यासारखी दिसते. चाकांवर तर ती मागच्या वर्षीच खाली आणली होती. आमच्या एस्पान्योला गावात ज्याला गाडी अशी बसकी करता येत नाही, त्याला मुलगी देताना लोक जरा विचार करतात. मी हे थट्टेनं म्हणतेय, पण अगदीच थट्टेनं नाही.

बेलारमिनो आमच्या थोरलीचा धर्मपिता. त्या नात्यानं तो मला कोमाद्रे म्हणतो, ते दोघं एकमेकांना कोंपाद्रे म्हणतात आणि त्याच नात्यानं एकमेकांची अक्कल काढतात.

"आतून आडव्या पट्ट्या मारल्या नव्हत्यास?" त्यानं विचारलं.

एलोय ग्राइंडरची वायर गुंडाळायला लागला.

आता ऐका. टप कापायच्या आधी केबिनच्या आतून लोखंडी पट्ट्या आडव्या जोडायच्या असतात, नाहीतर केबिन फाकते आणि दारं बसत नाहीत. हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तीस वर्षं हा माणूस विहिरींचे पंप दुरुस्त करून घरी आला की संध्याकाळी दुसऱ्यांच्या अंगणात जाऊन हेच ओरडायचा, "आधी पट्ट्या, मग ग्राइंडर!" आणि बापाच्या गाडीला, जिच्यातून त्याचा बाप मिरच्यांची पोती बाजारात न्यायचा, तिला यानं एक पट्टी मारली नाही.

"घाई कसली झाली होती तुला?"

"फिएस्ताची जत्रा आलीय."

"सहा आठवडे आहेत, बाबा!"

"तुला घरी काही काम नाही का?"

घाई कसली ते मला माहीत होतं. मार्चमध्ये सांता फेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, उजव्या हाताची ही थरथर गोळ्यांनी थोडी दबेल, पण वाढत जाणार. त्या दिवसापासून तो हात खिशात गेला तो गेलाच. मुलींना सांगायचं नाही, बेलारमिनोला तर नाहीच नाही. आणि परतताना गाडीत एवढंच म्हणाला, "टप मी जोडणार, ओर्लिंदा. हात आहे तोवर."

आमच्याकडे रंग दुसऱ्यानं दिलेला चालतो, सीट दुसऱ्यानं शिवलेली चालते. पण टप ज्यानं कापला त्यानंच जोडायचा. दुसऱ्यानं जोडला तर गाडी त्याची म्हणतात, मग कागदावर नाव कुणाचंही असो.

दोन दिवसांत साखळ्या लावून, ओढून, त्यांनी केबिन सरळ केली. दार लागलं. टप उचलून जागेवर ठेवला, शिकंजे लावले. आता फक्त जोडायचा होता.

आणि जोडणं काही सुरू होईना. पहाटे पाचला उठून हा गाडीभोवती फेऱ्या घालायचा. पाने काढायचा, पुसायचा, परत तिथंच ठेवायचा. रेडिओ लावायचा, बंद करायचा. बीन्सची वाटी घेऊन बसायचा आणि दोन घास खाऊन उठायचा. रस्त्यावरून पोरं हळूहळू गाड्या नेत हॉर्न वाजवायची, "एलोयकाका, म्हाताऱ्या गाडीला टोपी चढवा की!" पूर्वी यानं तिथल्या तिथं परतवलं असतं. आता नुसता हात वर करायचा, तोही डावा. त्याच्या येरझाऱ्या बघून मलाच एका जागी बसवेना. एकच ओटा मी दिवसातून चारदा पुसत होते.

दुसऱ्या आठवड्यात बेलारमिनो सरळ म्हणाला, "आण ती वेल्डिंगची गन. मी मारतो चार टाके. कुणाला कळतंय?"

"हात लावून बघ माझ्या गाडीला!" एलोय असा ओरडला की शेजारची कुत्री भुंकायला लागली. "चालता हो इथून!"

बेलारमिनो निघाला. कुंपणापाशी मला बघून थांबला. "कोमाद्रे, त्याचा हात मी ईस्टरपासून बघतोय. मी काय आंधळा आहे का?" त्याचे डोळे भरले होते. मी त्याला फडक्यात गुंडाळून सहा तोर्तिया दिल्या.

त्याच दुपारी एलोयने एकट्यानं पहिला टाका मारला. मला आवाज ऐकू आला, मग शिवी ऐकू आली. गेले तर पत्र्याला बोटभर भोक पडलं होतं आणि हा जमिनीवर बसला होता.

"पत्रा पातळ आहे," तो म्हणाला. "गन एका जागी धरता आली पाहिजे."

"मी धरते."

"तुला काय येतंय?"

"गन नाही रे. तुला धरते."

तो उठला आणि खिळ्यावरचा वेल्डिंगचा दुसरा मुखवटा घेऊन आला.

मुखवटा लावला की काहीही दिसत नाही, आधी नुसता काळोख, मग एक हिरवा ठिपका. मी त्याच्या मागे उभी राहून दोन्ही हातांनी त्याचं मनगट माझ्या पोटाशी दाबून धरलं. बेचाळीस वर्षं त्याच्या शेजारी झोपले, पण ती थरथर किती आहे ते मला तेव्हा कळलं. ती माझ्या खांद्यापर्यंत येत होती. मुखवट्याच्या आत मी रडत होते आणि नाक पुसता येत नव्हतं.

"घट्ट," तो म्हणायचा. "आता सोड."

एक टाका इथं, पुढचा पार पलीकडच्या कोपऱ्यात. एका जागी मारत गेलं तर पत्रा तापून वाकतो. दिवसाला तीस टाके झाले की बास. आम्ही भांडलोही भरपूर. "हलू नकोस!" "मी हलतेय? मी?" मग दोघंही हसायला लागलो आणि तो टाका वाया गेला. तीन आठवडे माझे दंड भरून यायचे. पण टप जोडला गेला.

एलोयने स्वतः जाऊन बेलारमिनोला बोलावून आणलं. बेलारमिनोनं घासलेल्या जोडावरून तळवा फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून.

"ओर्लिंदानं मनगट धरलं होतं," एलोय म्हणाला. आवाज असा, जणू चोरी कबूल करतोय. "चालतं का हे?"

"गनचा घोडा कुणी दाबला?"

"मी."

"मग डोकं कशाला खातोस?" बेलारमिनो म्हणाला. "रंग कधी देतोयस?"

रंगाला वेळ नव्हता. फिएस्ताच्या रविवारी गाडी राखाडी प्रायमरवरच निघाली. एलोयने पांढरा शर्ट घातला, इस्त्रीचा. आमच्याकडे प्लाझाभोवती, म्हणजे गावच्या चौकाभोवती, गाडी चालत्या माणसाच्या वेगानं फिरवायची असते, आणि त्या वेगाला जुन्या गाडीचं स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. फाटकाच्या वळणावर त्याचा उजवा हात स्टिअरिंगवरून दोनदा सुटला. गाडी तिरकी होऊन थांबली.

त्यानं इंजिन बंद केलं नाही. उतरला, पुढून वळसा घालून माझ्या बाजूला आला, दार उघडलं.

"सरक तिकडे," म्हणाला.

आजवर ती गाडी त्यानं सख्ख्या भावालाही चालवू दिली नव्हती. मी सरकले. टप इतका खाली होता की काचेतून बघायला मला मान वाकवावी लागली.

"क्लच जड आहे," तो म्हणाला. बाकी काही बोलला नाही.

प्लाझापाशी दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. एलोयने त्याच्या उजवीकडच्या खिडकीची काच खाली केली, खिशातून उजवा हात काढला आणि कोपरापर्यंत बाहेर सोडला. हात थरथरत होता. लोकांना वाटलं, तो हात हलवतोय. आधी एका बाईनं हात हलवला, मग तिच्या शेजारच्यांनी, मग रांगेतल्या सगळ्यांनी. त्यानं हात आत घेतला नाही. मी गाडी पहिल्या गियरमध्येच ठेवली.