पायडल

चौथ्या टेबलाखाली पाय घालून खलीलभाईंनी चौथी कॉफी मागवली. बूट काढून खुर्चीखाली ठेवले होते. मोज्यातला अंगठा पायडलच्या लोखंडी जाळीवरून हळूहळू फिरत होता, अंधारात स्विच शोधावा तसा.

"अब्बा, नुसती मागवा, पिऊ नका," समोर बसलेली अमरीन म्हणाली. "झोप लागणार नाही रात्री."

"मागवलेली टाकायची?"

"मग मला द्या."

"तुला ॲसिडिटी हाय," म्हणत त्यांनी कप जवळ ओढला.

सीवूड्सच्या या कॅफेतली सगळी टेबलं शिलाई मशीनच्या जुन्या स्टँडवर उभी होती. वर जुन्या दरवाजांचं सागवान, खाली पायडल. गिऱ्हाईक कॉफी पिता पिता पाय हलवायचं आणि फोटो काढायचं. कल्पना अमरीनची, काम खलीलभाईंच्या बोनकोड्यातल्या कारखान्याचं. कुणाकुणाच्या घरातून निघालेले स्टँड त्यांनी भंगारातून गोळा केले, घासले, एकाच मोरपंखी रंगात रंगवले. आता ते शाळेतल्या मुलांसारखे दिसत होते. आपलं कुठलं ते ओळखता येत नव्हतं.

आणि त्यातला एक विकायचा नव्हता. तो त्यांच्या बायकोचा, नूरजहाँचा होता.

ती जाऊन वर्ष होत आलं होतं. तिची मशीन घरात बघवत नाही म्हणून खलीलभाईंनी मशीनचं डोकं माळ्यावर टाकलं आणि स्टँड कारखान्यात आणला. मग कारखान्यात रोज त्याच्यासमोर स्टूल टाकून ते बघत बसू लागले. ऑर्डरचा मोरपंखी रंग डब्यात थोडा उरला, तो वाया जाऊ नये म्हणून तिच्या स्टँडलाही लावला.

कारखान्यात जी वस्तू विकायची नाही तिच्या पायाला फडका बांधायची रीत होती. नूरजहाँच्या स्टँडला तिच्याच ओढणीचा तुकडा बांधला होता. पांढरं मलमल, कडेला हिरव्या दोऱ्याची वेल, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. आणि स्पिरिट पॉलिशचा शेवटचा हात मारायला असंच मलमल लागतं. त्या दिवशी खलीलभाईंचे डोळे लाकडावर होते. हात मागे गेला, मऊ लागलं ते सोडवून घेतलं. पॉलिश असं आलं की ते स्वतःच दोनदा म्हणाले, "वा." संध्याकाळी टेम्पोवाला हिरामण आला आणि फडका नसलेले स्टँड भरून घेऊन गेला. ऑर्डरपुरते भरल्यावर एक उरला, तो त्यानं मागे ठेवला. खलीलभाई रोज त्यालाच तिचा समजून समोर बसत राहिले. त्याचा एक पाय वेल्डिंगचा होता, म्हणजे तो तिचा नव्हता.

बऱ्याच दिवसांनी खलीलभाई फडके धुवायला बसले. तपकिरी पाणी उतरत गेलं आणि एका फडक्याच्या कडेला हिरव्या दोऱ्याची वेल दिसली. ते बराच वेळ बादलीजवळून उठले नाहीत.

आता तो वेल्डिंगवाला स्टँड बाहेर हिरामणच्या टेम्पोत वाट बघत होता.

"चाचा, मला एकदा परत सांगा," काउंटरवरून आलेला मॅनेजर निखिल म्हणाला. "तुम्ही आमचं एक टेबल नेणार, आणि त्याच्या जागी सेम टू सेम टेबल देणार?"

"सेम नाय. एका पायाला वेल्डिंग हाय. पण मजबूत."

"आणि नेणार कुठलं?"

"तेच बघतोय ना."

"बघा, बघा. माझी हरकत नाही. फक्त बसायचं तर ऑर्डर द्यावी लागते. मालकांचा नियम आहे."

"दिली की. चार दिल्या."

निखिल गेला. खलीलभाईंनी पायडल एकदा खाली दाबलं, एकदा वर येऊ दिलं. मग पाय काढून घेतला आणि मांडीवर हात ठेवून बसले.

"काय झालं?" अमरीननं विचारलं.

"मी कधी पाय ठेवलाच नाय."

"कुठे?"

"तिच्या मशीनवर. कधीच नाय. तर आता पायाला काय कळनार?"

नूरजहाँ दुपारी उजेड असेपर्यंत गॅलरीत शिवायला बसायची. भिंतीच्या अलीकडे खलीलभाई जेवून आडवे झालेले असायचे. रोज त्याच वेळी ते पडल्या पडल्या ओरडायचे, "बास कर गं, झोपू दे!" रोज तिकडून उत्तर यायचं, "एवढी बाही राहिलीय!" बाही कधीच संपायची नाही.

"मला आवाज माहीत हाय फक्त," खलीलभाई म्हणाले. "भिंतीपलीकडचा." त्यांनी कॅफेभर नजर फिरवली. सगळीकडे काचा होत्या. "इथं भिंत कुठाय?"

भिंत फक्त बाथरूमला होती.

"अब्बा, नको."

"मी आत दार लावून बसतो. तू एकेका टेबलावर पायडल मार. सुरू केलंस की 'चालू' म्हनून ओरड."

निखिल धावत आला. "चाचा, पण आवाज कुठून येणार? डिलिव्हरीला तुम्हीच ग्रीस मारलंत सगळ्यांना. कुंई करणार नाही म्हणून गॅरंटी दिलीत."

"ग्रीस सुकतं."

"अजून दोन महिने पण नाही झाले."

"सुकतं," खलीलभाई म्हणाले. आत गेले. कडी लागल्याचा आवाज आला.

अमरीन पहिल्या टेबलाशी गेली. तिथल्या मुलीनं लॅपटॉपवरून नजर न काढता पाय वर घेतले. अमरीननं सँडल काढून पायडल मारलं. चाक गरगर फिरलं, पण आवाज शून्य. खलीलभाईंचं काम चोख होतं.

"चालू!"

मग दारामागून आलं, "नाय. फुडची."

"चालू!"

"नाय. ही नाय."

एक तरुण बाथरूमच्या दाराशी येऊन उभा राहिला. "आत काम सुरू आहे," निखिल त्याला गंभीरपणे म्हणाला. तरुण एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिला. अमरीन प्रत्येक टेबलावर खुर्चीच्या कडेला टेकत होती, लोकांना सॉरी म्हणत होती, पायडल मारत होती. कुठूनच काही वाजत नव्हतं. आणि आतून दर वेळी, नीट ऐकून घेतल्यासारखं, "नाय" येत होतं.

शेवटचं टेबल खिडकीजवळचं. तिथे श्यामसुंदर म्हणून एक रिटायर्ड गृहस्थ रोज बिनसाखरेची कॉफी घेऊन पेपर वाचत बसायचे.

"आत कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"माझे अब्बा."

"त्रास होतोय का त्यांना?"

"पोटाचा नाही, काका." अमरीन त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर टेकली. "माझी अम्मी गेली. तिच्या मशीनचा स्टँड चुकून इथल्या टेबलांत आलाय. अब्बा आवाजावरून ओळखणार आहेत."

श्यामसुंदरनी पेपराची घडी घातली. वाकून टेबलाला कान लावला. मग सरळ झाले.

"पण आवाज तर कशाचाच येत नाहीये."

"हो."

ते क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. मग दोन्ही पाय उचलून त्यांनी अधांतरी धरले. अमरीन सँडल काढायला वाकली. या वेळी पट्टा अडकला. ती तो ओढत होती.

"हीच!" आतून आवाज आला. "अमरीन! हीच ती! हीच!"

लॅपटॉपवाल्या मुलीनंसुद्धा मान वर केली. श्यामसुंदरनी आपल्या हवेतल्या पायांकडे पाहिलं, मग अमरीनच्या पायांकडे. सँडल अजून सुटली नव्हती.

"अहो, पण आपण अजून..."

अमरीननं नकारार्थी मान हलवली.

"थांबलीस का?" दारामागून खलीलभाई म्हणाले. आवाज खाली आला होता, पडल्या पडल्या बोलावं तसा. "बास करू नको गं. चालव."

अमरीनचा हात पट्ट्यावरच राहिला. तिला तो दिसेनासा झाला होता.

श्यामसुंदरनी कॉफीचा कप उचलून हातात धरला. पाय सावकाश खाली आणून पायडलवर टेकवले.

"हळूहळू चालवू ना?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"नाही काका," अमरीन म्हणाली. "अम्मी जोरात चालवायची."