दोर कापणारा नावाडी

अर्पिताचा प्रबंध ज्या कादंबरीवर आहे, तिच्यातला नावाडी पश्चिम आफ्रिकेतल्या एका नदीवर होडी चालवतो. त्याचा बाप काठापासून काठापर्यंत बांधलेल्या दोराच्या आधारानं होडी नेई, म्हणून गाव त्याला हसे. मुलगा मोठा झाल्यावर पहिलं काम करतो ते दोर कापण्याचं. पुढे पूर येतो आणि तो बुडतो.

"ही शोकांतिका गर्वाची नाही," अर्पितानं वाचून दाखवलं, "दुबळं दिसण्याच्या भीतीची आहे."

"भीती कसली? बिल्कुल बरोबर केलं त्यानं," बाबा म्हणाले.

"बाबा, तो मरतो."

"मरू दे. दोराला लोंबकळून तर नाही मेला!"

माझ्या धाकट्या बहिणीला साहित्यातलं कळतं. मी जीवरसायनशास्त्र शिकले आहे, त्यामुळे माझं लक्ष बाबांच्या शर्टाकडे होतं. जानेवारीतली दुपार होती. दिल्ली कँटोन्मेंटमधल्या क्वार्टरच्या अंगणात आम्ही दोघी शाली पांघरून बसलो होतो आणि सुभेदार बळवंत घोरपडे घामानं भिजले होते. हात थरथरत होते. चहा त्यांनी न पिताच खाली ठेवला.

"बाबा, जेवलात का?"

"उपास आहे."

"कसला?"

"देव न मानणाऱ्यांनी उपासाची चौकशी करू नये, क्षिप्रा."

दुसऱ्या दिवशी त्यांची वैद्यकीय तपासणी होती. 'शेप वन', म्हणजे पूर्ण सक्षम, असा शेरा मिळाला तरच सुभेदार मेजरची बढती. त्यांचा मधुमेह फक्त घरच्यांना ठाऊक होता; गोळ्या करोल बागेतल्या दुकानातून यायच्या. आई दिल्लीतच द्वारकेला मावशीकडे गेली होती.

"गोळ्या किती घेतल्यात?"

"डबल. दोन दिवस पोटात काही नाही. रिपोर्ट साफ आला पाहिजे."

"ते साखरेची तीन महिन्यांची सरासरी मोजतात, बाबा. दोन दिवसांच्या उपासानं ती हलत नाही. खाली जातेय ती आजची साखर, आणि ती फार खाली गेली की माणूस मरतो. गूळ आणते. आत्ता खा."

"पोरीच्या हातून औषध खाऊ?" ते उठले. "चलो, एक चक्कर धावून येतो."

मी फाटकासमोर उभी राहिले.

"बाजूला हो."

"नाही."

"अच्छा! सुभेदाराला अडवतेस?"

"पेशंटला अडवतेय."

हा शब्द आमच्या घरात शिवीच्या जागी होता. त्यांनी माझा खांदा धरून मला दूर केलं आणि फाटक उघडलं. समोरून त्यांच्या कंपनीतला उदयसिंह सायकलवरून येत होता. "राम राम, साहब!" बाबा ताठ झाले, सलामाला उत्तर द्यायला हात उचलला आणि तसेच कोसळले.

उदयसिंहनं त्यांना उचलून आत आणलं. मी त्यांना कुशीवर वळवून गालाच्या आत मध चोळला. अर्पितानं रुग्णवाहिका बोलावली. डोळे उघडताच त्यांनी विचारलं, "उदयसिंहनं पाहिलं?"

"त्यानंच उचललं."

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "गाडी परत पाठव. इस्पितळात नोंद झाली की बढती गेली."

"गोळीचा अंमल उतरलेला नाही. पुन्हा पडाल."

"पडेन."

"मी पडू देणार नाही."

"मग या घरात पाऊल ठेवायचं नाही."

"मुनिरक्यात माझी खोली आहे," मी म्हणाले आणि त्यांचे बूट शोधू लागले.

इस्पितळात तरुण डॉक्टरनं विचारलं, "क्या हुआ था, साहब?"

"कुछ नहीं. धूप लग गई."

डॉक्टरनं खिडकीबाहेरच्या धुक्याकडे पाहिलं.

"शुगर की गोली," मी म्हणाले. "दुगनी. दो दिन से भूखे हैं. और शुगर आज की नहीं, पुरानी है."

"ये मेरी कोई नहीं लगती," बाबा कडाडले. वॉर्डातल्या सगळ्या माना वळल्या.

"लगती हूँ," मी म्हणाले. "बेटी हूँ. आप लिखिए."