पश्चिम गटातला एक तास

आमच्या संघाला पूर्व गटात ठेवायचं की पश्चिम गटात टाकायचं, हे एका एप्रिलमध्ये ठरलं. तेव्हा मला संघाची बस चालवून एकोणीस वर्षं झाली होती. तळ्यावरचा बर्फ फुटायचा होता, पण बर्फावरच्या हॉकीचा हंगाम संपला होता आणि माझ्यातही फारसं काही उरलं नव्हतं.

लीगमध्ये पार पूर्वेच्या टोकाला एक नवा संघ आला. त्यामुळे पूर्वेत सात संघ झाले, पश्चिमेत पाच. एकाला हलवणं भाग होतं. एक तर आम्ही, पाइन हार्बर, नाही तर दीड तासावरचे आमचे जुने वैरी, आयर्न पॉइंट. ज्यांना पश्चिमेची वाट कमी, त्यांनी जायचं. आमच्याकडे अंतर मैलांत कोणी सांगत नाही, तासांत सांगतात. म्हणून लीगच्या कचेरीनं दोन्ही गावांच्या बसचालकांच्या वह्या मागवल्या होत्या.

मला पूर्वेतच राहायचं होतं. तिकडची गावं दोन-तीन तासांची, सामना आटपला की आपल्या बिछान्यात. हंगामात एखादी खेप पश्चिमेलाही असायची; तिकडे गेलं की पाच-सहा दिवस घर दिसत नाही. आणि घरी हिल्का होती, माझी बायको.

मी लाकूडतोड्यांच्या तळावर वाढलो. पन्नाशीपर्यंत मला अक्षर येत नव्हतं. हिल्कानं स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला शिकवलं, ते पेपरातल्या लीगच्या गुणतक्त्यावरून. आयुष्यात मी पहिल्यांदा वाचलेलं नाव म्हणजे आयर्न पॉइंट, कारण त्या साली तेच वर होते. "शिव्या दे, पण वाच," असं हिल्का म्हणाली होती. आता तिच्याच नजरेच्या मधोमध काळा डाग आला होता. कडेकडेचं दिसायचं, अक्षर दिसायचं नाही. सामन्याचा दिवस सोडला तर रोज संध्याकाळी सातला ती कॉफी ओतायची आणि मी पेपर वाचायचो.

त्या दिवशी मी मैदानामागच्या खोलीत गेलो, तर संघाचं सामान सांभाळणारा लूसियन यंत्रावर स्केटच्या पात्यांना धार लावत होता आणि आमचा व्यवस्थापक गार्नेट टेबलावर नकाशा पसरून बसला होता.

"माझं ऐक," लूसियन त्याला सांगत होता, "दिशा सोडून दे. ज्यांच्याकडे बर्फ मऊ त्यांचा एक गट कर, ज्यांच्याकडे जेवण बरं त्यांचा दुसरा."

"मग दुसऱ्या गटात एकही संघ येणार नाही," गार्नेट म्हणाला. मग मला बघून त्याचा आवाज उतरला. "टाउनो, तुमच्या वहीनंच घात केला. पश्चिमेतल्या रेड विलोपर्यंत तुमचे सात तास. आयर्न पॉइंटच्या वहीत साडेसात. अर्ध्या तासासाठी आपण पश्चिमवाले झालो."

"सात?" लूसियननं यंत्र बंद केलं. "अरे म्हाताऱ्या, तू बस चालवतोस की विमान?"

मी वही ओढून घेतली. माझीच मोठमोठी, पोरासारखी अक्षरं. निघालो सकाळी नऊ, पोचलो दुपारी चार. नऊ ते चार सातच होतात. पण माझ्या पाठीनं कधी सात म्हटलं नव्हतं, तिनं नेहमी आठच मोजले होते. मग माझ्या ध्यानात आलं आणि कान तापले.

"मी पोचल्यावर भिंतीवरचं घड्याळ बघतो," मी म्हणालो. "ते जे सांगतं ते लिहितो."

"कुठल्या भिंतीवरचं?"

"तिथल्या."

गार्नेटचं बोट नकाशावर वाटेच्या मधोमध गेलं. पश्चिमेच्या वाटेवर अर्ध्यात एक फलक आहे, तिथून पुढे घड्याळ तासभर मागे करावं लागतं.

लूसियन हसून हसून स्टुलावरून पडायचा बाकी राहिला. "एकोणीस वर्षं हा माणूस दर खेपेला आपला एकेक तास चोरतोय!"

"येताना परत देतो," मी म्हणालो.

गार्नेट हसला नाही. त्यानं लगेच कचेरीत फोन लावला. आमचे आठ तास झाले की आयर्न पॉइंटचे साडेसात कमी ठरणार होते. पलीकडचा माणूस म्हणाला, तिकडच्या चालकालाही विचारून घेतो, मग सांगतो.

मी उपड्या बादलीवर बसलो. तिकडचा चालक म्हणजे मर्व्ह. त्याला मी चांगला ओळखत होतो. धाब्यावर आम्ही एका टेबलावर सूप पीत असू. त्याचा उजवा गुडघा कामातून गेलेला होता. मी वाचलो तर तो जाणार, हे मला कळत होतं. तरी मी मनात आठ, आठ असंच म्हणत होतो. खोटं कशाला सांगू.

तासाभरानं फोन वाजला. गार्नेट नुसता "हं, हं" करत राहिला. फोन ठेवून त्यानं नकाशाची घडी घातली.

"मर्व्हही भिंतीवरचंच घड्याळ लिहितो," तो म्हणाला. "कचेरीवाल्यांनाच विचारत होता, मग दुसरं कुठलं लिहायचं? त्याचे आता साडेआठ झाले."

लूसियननं यंत्र पुन्हा सुरू केलं. चुका दुरुस्त झाल्या होत्या आणि अर्धा तास होता तिथेच होता.

घरी गेलो तेव्हा सात वाजून गेले होते. हिल्का कॉफी गाळत होती.

"कुठला गट?" तिनं पाठ न वळवता विचारलं.

"पश्चिम."

तिनं कप ठेवला, काठ बोटानं चाचपून कॉफी ओतली, सांडू दिली नाही. मी तिला वहीचं सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती हसेल.

"घड्याळ वाचायला मीच शिकवलं तुला," ती म्हणाली. "पण दोन घड्याळं असतात, हे सांगायचं राहिलं बघ." मग म्हणाली, "इथे सात वाजतात तेव्हा तिकडे किती?"

"सहा."

"मग तिकडून सहाला फोन कर. पेपर तिकडचा असला तरी चालेल. गुणतक्ता तोच असतो."

मी हो म्हणालो. सहाला मी पुष्कळदा कुठल्या तरी बर्फाळ रस्त्यावर असणार, हे तिलाही माहीत होतं. तरी मी नवी वही काढली आणि आतल्या पहिल्या पानावर दोन्ही घड्याळं लिहिली. तिकडे सहा, इथे सात. मग पेपर उघडून वाचायला लागलो, पूर्व गटापासून.