माझी पाठ कोणी बघेल का?

मित्रांनो, मी एक जुना, वाळलेला नेचा आहे आणि माझं डोकं पार फिरलं आहे. चाळीस वर्षं कागदाला चिकटून पडून राहा, मग कळेल!

ओढ्याकाठच्या ओल्या कातळावर मी वाढलो. वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या एका मास्तरांनी मला मुळासकट काढलं, रद्दीत दाबून वाळवलं आणि संग्रहालयात आणलं. तिथल्या डिंकवाल्या काकांना सगळं कसं देखणं लागायचं. "पाठीवर डाग बघा केवढे! किडका दिसतोय," असं म्हणत त्यांनी माझी पाठ डिंकाने माखली आणि कागदाला गच्च चिकटवली. मास्तर नेमके त्या दिवशी रजेवर. झालं माझं वाटोळं!

अहो, ते डाग नव्हते. आम्हा नेच्यांना फुलं नाहीत, बिया नाहीत. आमच्या पाठीवर बीजाणूंचे पुंजके असतात आणि माझ्या प्रत्येक पुंजक्यावर इवलंसं झाकण होतं. त्या झाकणाच्या आकारावरून माझी प्रजाती कळली असती. प्रजाती म्हणजे आमचं आडनाव म्हणा ना.

पुढे तीन तज्ज्ञ आले. तिघांनी वरवर बघून तीन वेगळ्या प्रजातींच्या चिठ्ठ्या डकवल्या. तीनदा माझं कपाट बदललं. पाठ बघायची तसदी एकानेही घेतली नाही. नुसता संताप व्हायचा!

मग संग्रहालयाच्या साहेबांनी फर्मान काढलं, "ज्याचं नाव नक्की नाही, तो कागद शुक्रवारी बाहेर." माझ्या ओढ्याकाठी आता दगडाची खाण आहे. माझ्यासारखा दुसरा नेचा कोणाला सापडलेला नाही. मी गेलो की आमचं नावनिशाण संपलं.

शुक्रवारी संग्रहालयात नव्यानेच रुजू झालेल्या मॅडमनी मला उचललं. "अगं बाई, ह्याला उलटंच चिकटवलंय की!" ओला टिपकागद ठेवून डिंक भिजवत त्या तासभर बसल्या. मी सुटलो, पण पुंजके कागदावरच राहिले, चुरा होऊन.

साहेब दारातून म्हणाले, "मॅडम, सोडा आता. टाका तो."

"दोन मिनिटं थांबा हो!" मॅडम खेकसल्या. माझ्या टोकाचं एक पान वाळताना दुमडलं होतं. ते त्यांनी सुईने हळूच उघडलं. भिंगाखाली एकच पुंजका दिसला, झाकणासकट शाबूत. त्यांनी पुस्तकं उपसली.

"तिन्ही नावं चुकीची आहेत, साहेब. ही प्रजाती आपल्या संग्रहात नाहीच."

"मग कुठल्या कपाटात ठेवणार?"

"नवीन कप्पा लागेल."

वाचलो, मित्रांनो! पण आनंद तरी कसा करू? शेकडो पुंजक्यांतला एक उरला, तोही पान दुमडलं म्हणून. कोणी जपला म्हणून नाही. तेव्हा विनवणी समजा नाहीतर दटावणी, कोणालाही नाव चिकटवण्याआधी त्याला एकदा उलटून बघत जा.