चोवीस पौंडांचं लेबल

मित्रांनो, मी एक जुनी लेबल गन आहे. दुकानात डब्यांवर किंमत मारतात ना, खटका दाबला की 'टक्' होतं आणि चिकट चिठ्ठी बाहेर पडते, तीच मी. माझ्या पोटात शाईचा रोलर आहे आणि आकड्यांची सहा चाकं. फिरवाल तो आकडा मी छापते. नाही म्हणायची सोय मला कुणी ठेवलेली नाही, आणि त्याची आता मला शिसारी येते.

माझं सारं आयुष्य चिंचवड गावठाणातल्या रोहिदासशेठच्या खेळसाहित्याच्या दुकानात गेलं. शेत बिल्डरला गेल्यावर त्यांनी हे दुकान टाकलं. सुरुवातीला मी बॅटींवर, बॅडमिंटनच्या फुलांवर सरळ किमती मारायची. "आमची गन लई गुणाची हाय," असं शेठ गिऱ्हाइकांना सांगायचे आणि मी मनातून फुगायची. मग जवळच्या मैदानावर धनुर्विद्येचा वर्ग निघाला. या खेळातल्या वस्तूंचा खरा भाव पालकांना ठाऊक नसतो, हे शेठनी पहिल्याच महिन्यात हेरलं.

चिखलीच्या वर्कशॉपमधून दोनशेला आलेल्या बाणावर मी सातशे छापायची. बोटाला लावायचा चामड्याचा तुकडा साठ रुपयांचा, त्यावर साडेतीनशे. वर्गाचे प्रीतम सर मुलांना याच दुकानात धाडायचे आणि प्रत्येक बिलातले वीस टक्के खिशात घालायचे. ते वीस टक्के भरून निघावेत म्हणून किंमत आणखी चढायची. धंद्यात नफा लागतोच, दुकानाचं भाडं, लाइट बिल मलाही कळतं. पण हे निव्वळ ओरबाडणं होतं, आणि प्रत्येक ओरखड्यावर शाई माझी होती.

एके दिवशी तेरा वर्षांची दीक्षा वडिलांबरोबर आली. जिल्हा संघाची निवड चाचणी तीन आठवड्यांवर होती आणि तिला स्वतःचं धनुष्य हवं होतं. वडील बुद्धरत्न चाकणच्या एका कंपनीत माल तपासायच्या कामावर. केसभर माप चुकलेला भाग ते परत पाठवतात. धनुष्यासाठी त्यांनी चार महिने ओव्हरटाइम केला होता.

"चोवीस पौंडांची पाती द्या," ते म्हणाले.

पाती म्हणजे धनुष्याच्या मुठीला वर आणि खाली जोडायच्या दोन लवचीक पट्ट्या. पौंडांचा आकडा जितका मोठा, तितका दोरी ओढायला जोर जास्त लागतो. चोवीसच्या जोडीवर शेठना जेमतेम सहाशे सुटायचे. चौतीसची एक जोडी मात्र दोन वर्षं पडून होती, मातीमोल भावात उचललेली. ती खपली तर साडेचार हजार.

"आतून आणतो," म्हणत शेठ मला घेऊन मागच्या खोलीत गेले. त्यांनी माझी चाकं फिरवली, आणि पात्यावर मुळात छापलेल्या ३४ च्या नेमकं डोक्यावर माझ्याकडून २४ चिकटवून घेतलं. दुसऱ्या पात्यावरही तेच. छी! एका लहान मुलीच्या अंगाशी खेळणारा आकडा, आणि तोही माझ्या पोटातून निघालेला.

बुद्धरत्ननी लेबल वाचलं, मान डोलावली आणि पैसे दिले. दिवसभर कंपनीचा माल मोजणारा हा माणूस, पण लेकीचा माल त्यांनी मोजला नाही. लेबल होतं ना!

चाचणीच्या दुसऱ्या दिवशी दोघं परत आले. दीक्षाचा उजवा हात झोळीत होता.

"चार दिवसांपूर्वी खांदा गेला तिचा," बुद्धरत्न म्हणाले. "चाचणी हुकली. केस विंचरायला हात वर जात नाही. रोज सांगत होती, ओढवत नाही म्हणून. तुमचे सर म्हणाले, नाटकं करू नकोस. आणि मीही तिलाच रागावलो."

त्यांनी पिशवीतून आकडीचा वजनकाटा काढला, दोरीत अडकवला आणि दोरी पूर्ण ओढली. "चोवीस पौंड म्हणजे अकरा किलो, शेठ. वाचा."

काटा साडेपंधरा किलोवर होता. मग त्यांनी नखाने माझं लेबल खरवडलं. खालून ३४ निघालं.

"अहो दादा, आमी मुद्दाम करू व्हय?" शेठ माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "ही गनच बिघडल्याली हाय. चाक सरकतंय तिचं. पाती बदलून देतो, वर हजार कमी करतो."

दीक्षाने डाव्या हाताने मला पुढे ओढलं. चाकं फिरवून ३४ आणलं आणि खटका दाबला. टक्. पुन्हा दाबला. पुन्हा. तिन्ही चिठ्ठ्यांवर स्वच्छ ३४. त्या तिने काउंटरच्या काचेवर एकाखाली एक लावल्या.

"गन बरोबर आहे, काका," ती म्हणाली.

बुद्धरत्ननी पाती पिशवीत परत घातली. "ही आता ग्राहक मंचातच दाखवीन," म्हणाले आणि लेकीला घेऊन निघून गेले. शेठनी आधी काचेवरच्या चिठ्ठ्या खरवडल्या, मग मला भंगारात फेकलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा. मला तसं म्हणायला तोंड नाही. तुम्ही दुकानात गेलात तर लेबलावर जाऊ नका, काटा मागा, आणि एखादं पोर दुखतंय म्हणालं तर आधी त्याचं ऐका. माझं म्हणाल, तर दीक्षाने फिरवलेली चाकं अजून ३४ वरच आहेत. भंगारात मी कुणाला सापडलेच, तर मला पुसू नका, तेलही घालू नका. फक्त ती चाकं फिरवू नका.