झडपेवरचं वजन

जहीरने फावडंभर भुसा भट्टीच्या तोंडात फेकला आणि लोखंडी दार पायाने लोटलं. सातवीची मुलं मागे सरली. देवाजी गुरुजी मात्र पुढे झाले आणि हातातली छडी त्यांनी बॉयलरच्या पोटाकडे रोखली.

"आत पाणी आहे. आगीने त्याची वाफ होते. पिंपभर पाण्याची वाफ झाली, तर तिला ही सगळी खोली अपुरी पडेल. पण आपण तिला बाहेर जाऊ देत नाही. मग ती काय करील?"

"धक्के मारन, गुरुजी," पुढची मुलगी म्हणाली.

"बरोबर. तो धक्का पलीकडच्या इंजिनाचा दट्ट्या हलवतो. दट्ट्या चाक फिरवतो आणि चाकावरचा पट्टा तुमचं धान भरडतो. भुशातली ऊर्जा अशी चाकापर्यंत जाते. ती नाहीशी होत नाही, रूप बदलते."

मूल गावच्या त्या राईस मिलचे मालक भैयाजी शाळा समितीचे अध्यक्ष होते. मुलांना बॉयलर दाखवायला त्यांनी हौसेने परवानगी दिली होती. सुगीनंतरचे दिवस होते, आणि मिलच्या फाटकापासून बाजारापर्यंत धानाच्या बैलबंड्या उभ्या होत्या.

"आणि वाफ फारच झाली तर?" गुरुजींनी छडी वर केली. "वर ती झडप आहे. तिच्या दांडीला वजन टांगलेलं असतं. वाफेचा जोर हद्दीबाहेर गेला, की झडप उचलली जाते, जास्तीची वाफ निघून जाते आणि बॉयलर..."

छडी हवेतच थांबली. वर काळोख होता, पण भट्टीच्या दाराच्या फटीतून उजेड दांडीपर्यंत पोचत होता. बॉयलरसोबत आलेल्या गोल वजनाशेजारी रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा तारेने बांधलेला होता.

त्यांनी जहीरकडे पाहिलं. जहीर आगीकडे पाहत होता.

"चला, आता इंजिन पाहू," गुरुजी म्हणाले आणि सगळ्या मुलांना बाहेर काढल्यावरच स्वतः बाहेर पडले.

शाळा सुटल्यावर ते एकटेच परत आले.

"तो रुळाचा तुकडा काऊन टांगला, जहीरभाऊ?"

"झडप घडीघडी उडते, गुरुजी. वाफ वाया जाते. एवढं धान कधी भरडाव?"

"फुटला तर तू पहिला जाशील."

जहीर गमछ्याने मान पुसत हसला. "मी पोरगा होतो तवापासून आगीजवळ हावो. बॉयलर किती सोसते ते मले आवाजावरून समजते."

"आणि नाही समजलं तर?"

जहीरने गमछा खांद्यावर टाकला. फावडं उचलून तो भुशाच्या ढिगाकडे वळला. गुरुजी तिथून थेट भैयाजींच्या गादीवर गेले आणि पाहिलं ते त्यांनी सांगितलं.

भैयाजींनी शांतपणे ऐकून घेतलं. वाद घातला नाही. लगेच माणूस पाठवून, गुरुजींच्या देखत तुकडा काढायला लावला.

"तुम्ही शिकलेले लोक. तुमचं ऐकलंच पाह्यजे," ते म्हणाले.

गुरुजी समाधानाने घरी गेले. आठवड्याच्या आत त्यांच्या कानावर आलं, की जहीरला कामावरून काढलं. त्या काळोखात तुकडा आपोआप कोणाच्या नजरेस पडणार नाही, असा मालकांचा हिशेब होता. जहीरनेच मिलमधली गोष्ट बाहेर सांगितली, अशी भैयाजींची खात्री झाली होती.

रविवारी गुरुजी जहीरच्या घरी गेले. जहीर ओसरीत खाटेवर बसला होता. त्याच्या हाताला काम नव्हतं, म्हणून तो खाटेची सुटलेली दोरी बोटाभोवती गुंडाळत होता आणि परत सोडत होता. त्याची बायको सईदा आत चुलीपाशी होती.

"मी काई बोललो का तुमाले?" जहीर म्हणाला. "तुमी पाह्यलं, तुमी सांगतलं. चोर मी झालो."

"माझी चूक झाली. तुझं नाव येईल असं वाटलं नव्हतं."

"मंग तुमीच सांगा त्याईले. तुमचं ऐकतीन. तेवढं सांगतलं का मले आजच बलावतीन."

"आत्ताच जातो," गुरुजी उठले.

जहीरच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरला. फाटकाची कडी लावायच्या निमित्ताने सईदा मागोमाग आली. ओसरीकडे एकदा पाहून ती हळू बोलली.

"गुरुजी, नका सांगू."

"भाभी, त्याची रोजी गेली आहे."

"माहा भाऊ चांद्याच्या कोळशाच्या खदानीत हाय. खाली उतरत नाई, वरच हजेरी घेते. कवापासून यायले कामावर बलावून राह्यला. हे जात नाईत. मिलवाले वापस बलावतीन म्हणून खाट धरून बसले." ती कडीवरचा हात न काढता बोलत राहिली. "दिवसभर माहा कान त्या इंजिनाच्या ठोक्याकडे राहे. ठोका जरा चुकला का भाकर थापता थापता हात थांबे, चुलीवरची करपे. आता चुलीवर भाकर करपत नाई."

गुरुजी मिलच्या वाटेला लागले. ती कडी लावून आत गेली.

मिल जवळ आली तसा इंजिनाचा ठोका ऐकू येऊ लागला. तो संथ होता, मधूनच अडखळत होता. भैयाजी अंगणात बंड्यांमध्ये उभे होते. त्यांनीच हाक मारली.

"या गुरुजी, या. पाहा काय हाल आहेत. नवा माणूस ठेवला, लटारू. दिवसभर भुसा कोंबते, पण वाफच चढत नाही. झडप उडायची तर बातच सोडा." ते वैतागून हसले. "जहीरच्या हाताची गोष्टच अलग. तो असता तर हे सगळं धान पार झालं असतं. मग वरचं तेवढं आपण पाहून घेतलं असतं."

बोलता बोलता त्यांनी बॉयलरच्या छपराकडे, झडप होती तिकडे बोट केलं होतं. मग ते जवळ आले.

"खरं सांगा गुरुजी. त्या तुकड्याचं त्यानं तुम्हाला सांगितलं होतं का? तो जीव तोडून नाही म्हणते. तुम्ही नाही म्हणा, मी आत्ता माणूस पाठवतो त्याला कामावर बोलवायला."

आत लटारूने भट्टीचं दार आपटलं. गुरुजींनी टोपी काढून झटकली आणि पुन्हा डोक्यावर ठेवली.

"सांगितलं होतं," ते म्हणाले.

भैयाजींनी मान हलवली. मग कोणाला तरी हाक मारून चहा मागवला. गुरुजींनी तो बशीत ओतला, निवू दिला आणि सगळा प्यायले.

परत जाताना ते तळ्याच्या काठाने गेले. ती वाट लांबची होती, पण तिच्यावर जहीरचं घर लागत नव्हतं.